एअरफ्लोमधून मोठी एसक्यूएल फाइल चालवताना रीट्रायचा घोळ, मदत हवी आहे

मंडळी, पोस्टग्रेस डेटाबेसची एक लांबलचक एसक्यूएल फाइल रोज रात्री एअरफ्लोच्या (ठरल्या वेळी कामं चालवणारं टूल) डॅगमधून (टास्कचा क्रम ठरवणारी रचना) चालवायची आहे. आत टेम्प टेबलं (डेटाबेसशी जोडलेलं सेशन संपलं की उडणारी), फंक्शन्स, भरपूर इन्सर्ट-अपडेट आणि शेवटी व्हॅक्यूम (टेबलांतल्या जुन्या, निरुपयोगी ओळी साफ करणारी आज्ञा).

एअरफ्लोच्या एसक्यूएल ऑपरेटरला (टास्कचा तयार साचा) ती थेट देता येत नाही, कारण तिच्यात बॅकस्लॅश-कॉपीसारख्या आज्ञा आहेत, ज्या फक्त पीएसक्यूएललाच (पोस्टग्रेसचा कमांड-लाइन प्रोग्राम) कळतात. अर्धविरामावर तुकडे पाडावेत तर फंक्शनच्या पोटातले अर्धविरामही तुटतात. म्हणून बॅश ऑपरेटरमधून पीएसक्यूएल चालवतोय. ऑन-एरर-स्टॉप (चूक आली की तिथेच थांबवणारं सेटिंग) लावलंय. (ते नसेल तर मधली क्वेरी फेल झाली तरी पीएसक्यूएल पुढे जातं, शेवटी एक्झिट कोड ० (म्हणजे 'यशस्वी') देतं आणि टास्क हिरवा दिसतो. नवीन लोकांनी हे आधी तपासा, फार घातक आहे.)

अडलंय ते इथे: टास्क मध्येच पडला की रीट्राय पहिल्या ओळीपासून सुरू होतो आणि आधी कमिट झालेले (कायमचे नोंदले गेलेले) इन्सर्ट दुबार होतात. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही, असा गट) घालावं तर व्हॅक्यूम तिथे चालतच नाही. शिवाय ट्रंकेट केलेली (एका आज्ञेत रिकामी केलेली) टेबलं शेवटपर्यंत लॉक राहतात आणि रिपोर्ट खोळंबतात.

फाइलचे टप्पे पाडून प्रत्येकाचा वेगळा टास्क करावा, असं मला वाटतं. पण मग प्रत्येक टास्कचं सेशन वेगळं, म्हणजे टेम्प टेबलं उडणार. त्यांच्या जागी अनलॉग्ड टेबलं (सेशननंतरही राहणारी, पण बदलांचा लॉग न लिहिणारी) कुणी वापरली आहेत का? की फाइल एकसंध ठेवून इन्सर्टना ऑन-कॉन्फ्लिक्ट (तीच ओळ आधी असेल तर दुबार न घालण्याची अट) लावणंच बरं? प्रत्यक्ष प्रॉडक्शनमध्ये हे सांभाळणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.