प्रतिसाद : ऑडिटरला पैसे कोण देतं?

भाऊ, "अर्थतज्ज्ञ फक्त पेपर लिहितात, कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांतल्या राखेचं त्यांना काय" हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं.

गुजरातचं उदाहरण बघा. तिथे कारखान्याच्या प्रदूषणाचं ऑडिट करणाऱ्याला फी तोच कारखाना द्यायचा. मग काय, धुरातल्या कणांची मर्यादा दर घनमीटरला १५० मिलिग्रॅम, आणि अहवालांतले आकडे नेमके तिच्या जरासे खाली येऊन थांबलेले! एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आदी अर्थतज्ज्ञांनी प्रयोग केला: ऑडिटर चिठ्ठी काढल्यासारखा नेमायचा, फी सामायिक निधीतून द्यायची, काही ठिकाणी फेरतपासणी करायची. अहवाल खरे यायला लागले, आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. नवा कायदा नाही, फक्त ऑडिटर नेमायची, तपासायची आणि त्याला पैसे द्यायची पद्धत बदलली.

पुढे २०१९ पासून सुरतेत धुरातल्या कणांच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला: एकूण किती कण सोडायचे ते ठरवायचं, आणि सोडण्याचे परवाने कारखान्यांनी आपसात विकत घ्यायचे-विकायचे. त्यातल्या कारखान्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्के घटलं.

माझी शंका इथे आहे. बाजार एकूण धुराला मर्यादा घालतो. कोणाच्या दारात तो पडेल, हे ठरवत नाही. ज्याला परवाने विकत घेणं स्वस्त, तो धूर सोडतच राहणार, आणि चिमणीला लागून जागा स्वस्त असल्याने तिथे मजूरच राहतो. आपल्याकडे असलं काही आणायचं तर वस्तीजवळच्या चिमण्यांना वेगळी, कडक मर्यादा आधी हवी. परवान्यांच्या लिलावातून पैसा येणार असेल तर त्यातला वाटा त्या गावांच्या दवाखान्याला का नको?