गिझर गळून खालच्यांच्या छताला ओल आली – दुरुस्त करू की नवीन घेऊ?

आपटेनगरवाली
नमस्कार. आम्ही कोल्हापुरात आपटेनगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. २५ लिटरचा गिझर बाथरूमच्या माळ्यावर आहे आणि खाली पीओपीचं छत, त्यामुळं तो कधी नजरेलाच पडत नाही. नऊ वर्षांत एकदाही उघडलेला नाही. परवा पुण्यातलं लग्न आटोपून चौथ्या दिवशी परत आलो, तर खालच्या काकू दारातच उभ्या. त्यांच्या बेडरूमच्या छताला परातीएवढा ओला डाग. आमच्याकडं बाथरूमला लागून असलेल्या कपाटाचं प्लाय फुगून दार अडकलेलं. तळाच्या कप्प्यात आईची सुती लुगडी होती, त्यांच्या घड्यांवर चहा सांडल्यासारखे डाग. आई गेल्यापासून मी ती तशीच जपून ठेवली होती.

माळ्यावर चढून गिझरला येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करायला गेले तर मूठ नुसतीच गोल फिरायला लागली, पाणी काही थांबेना. ह्यांनी गच्चीवर पळत जाऊन मेन व्हॉल्व्ह बंद केला, अख्ख्या बिल्डिंगचं पाणी दोन तास गेलं. प्लंबर म्हणतोय, टाकीला एम-सील लावतो आणि बाजूचा छोटा व्हॉल्व्ह टपटपतोय त्याला बूच मारतो, काम झालं. मला ते पटत नाहीये. काय करावं? आणि पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून काय करता येईल? काकूंच्या छताचा खर्च आम्हीच देणार आहोत, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

रंकाळावेस
ताई, बाकी सगळं नंतर. आधी गिझरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा डब्यातला खटका, पाडा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. काकूंनाही त्या खोलीचा एमसीबी पाडायला सांगा. ओल छतातल्या वायरीपर्यंत गेली असेल तर पंखा लावणं धोक्याचं आहे. वायरमन बघून जाईपर्यंत चालू करू नका.

उद्यमनगर_फिटर
ताई, बूच अजिबात मारू देऊ नका. मी अठ्ठावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून हात जोडून सांगतो.

पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २० अंशांवरनं ७० वर गेलं की साधारण अर्धा लिटर वाढतं. गार पाण्याच्या तोंडाला जो व्हॉल्व्ह असतो तो पाणी मागं जाऊ देत नाही, मग ते वाढलेलं पाणी त्याच व्हॉल्व्हच्या बारक्या नळीतनं थेंब थेंब बाहेर पडतं. गिझर तापताना टपटपणं हा बिघाड न्हाई, ते त्याचं कामच हाय. त्याला बूच मारलं आणि एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा भाग, चिकटला, तर टाकी फुटंल. त्या नळीला पाइप जोडून न्हाणीच्या जाळीपर्यंत आणायचा, एवढंच करायचं असतं. गिझर गार असतानाही धार लागत असंल तर मात्र व्हॉल्व्ह बदलायला पाहिजे.

आता गळती. नटाजवळ पांढरा खार साठलेला दिसला तर जोड गळतोय. खालच्या झाकणातनं स्वच्छ पाणी येत असंल तर बहुतेक कॉइल जिथं बसवतात त्या फ्लँजचं गॅस्केट, म्हणजे रबरी चकती, गेलंय. हे दोन्ही थोडक्यात सुटतं. पण तुमच्या लुगड्यांवर चहासारखे डाग पडलेत, म्हणजे पाणी गंज घेऊन येतंय. टाकीच गेली असणार. तिला एम-सील टिकत न्हाई. वेल्डिंग करायला गेलं तर आतला काचेचा लेप जळतो आणि शेजारी दुसरं भोक पडतं. नवीनच घ्या.

टाकी का जाते ते पण सांगतो, कारण हे गिऱ्हाइकाला कुणी सांगतच न्हाई. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाणी लोखंड खायच्या आधी ती कांडी खातं. ती संपली की लेपाला जिथं बारीक चीर असंल तिथनं टाकी सडायला लागते. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या गिझरची दोन वर्षांनी कांडी काढली की जळून गेलेल्या उदबत्तीसारखी मधली काडीच हातात येते. तुमच्यात नऊ वर्षं कुणी बघितलीच न्हाई. बोअर वापरत असाल तर दरवर्षी उघडा, नळाचं असंल तर दोन वर्षांनी. कांडी बदलायचा खर्च नवीन गिझरपुढं काहीच न्हाई. थर्मोस्टॅट ६०च्या वर ठेवू नका, वर गेला की खार लवकर धरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गिझरात पाणी २५ लिटर, पण त्याच्या मागं गच्चीवरची अख्खी टाकी उभी हाय. तुमच्या घरात आलं ते त्या टाकीचं पाणी. म्हणून कॉक चालू स्थितीत पाहिजे. पाव वळणात बंद होणारा पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवा, हात पोचंल असा. महिन्यातनं एकदा बंद-चालू करा, न्हाईतर खार बसून असाच जाम होतो. गावाला जाताना आधी एमसीबी, मग कॉक. परत आल्यावर उलटं: कॉक उघडा, गरम पाण्याचा नळ सोडा, धार सलग आली की मगच वीज. रिकाम्या टाकीत कॉइल तापली तर ती जळते.

नवीन गिझर परत पीओपीच्या वर लपवू नका. माळ्यावरच ठेवायचा असंल तर खाली स्टीलचा ट्रे घ्या, तीन इंच काठाचा, कोपऱ्यातनं पाऊण इंची पाइप न्हाणीत सोडलेला. जाळीपाशी पाणी दिसलं की लगेच कळतंय.

फुलेवाडीकर
काकूंच्या छताला रंग द्यायची घाई करू नका. २०१९च्या महापुरात आमच्या तळमजल्यात पाणी होतं. ऑगस्टात पूर ओसरला आणि दिवाळीला आम्ही पुट्टी मारून रंग दिला. महिन्याभरात पापुद्रे सुटले, पांढरा लोणा धरला. दुसऱ्या उन्हाळ्यात सगळं खरवडून परत करावं लागलं. आधी फुगलेला भाग खरवडा, खिडक्या उघड्या ठेवा, नीट वाळू द्या.

मंगळवारपेठ_ताई
लुगड्यांना ब्लीचिंग लावू नका गं, गंजाचा डाग त्यानं पक्का होतो. लिंबाचा रस आधी आतल्या बाजूला कोपऱ्यात लावून बघ, रंग जात नसेल तर डागावर लाव, थोडा वेळ ठेवून गार पाण्यानं धू. काठाला रस लागू देऊ नकोस. दोन-तीनदा करावं लागेल.

आपटेनगरवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुसऱ्या माणसाकडून गिझर उघडून घेतला. कांडीची नुसती तार राहिली होती, आणि टाकीच्या तळाच्या सांध्यावर खिळ्याच्या टोकाएवढं भोक. फिटरदादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. नवीन गिझर बाथरूमच्या भिंतीवर उघड्यावर लावतोय, गॅलरीकडच्या बाहेरच्या भिंतीला, कपाटाच्या बाजूला नाही. ट्रे तरीही उद्यमनगरात करायला टाकलाय. वायरमननं काकूंच्या पंख्याचा जोड उघडून ठेवलाय, तो वाळायला पंधरा दिवस तरी लागतील म्हणाला.

हिरव्या लुगड्याचा डाग दुसऱ्या धुण्यात पुष्कळ फिकट झालाय. काकूंनी आज त्यांचा गिझर बघायला बोलावलं होतं. त्यांचाही कॉक फिरत नाहीये.