मदत हवी आहे : अल्युमिनियमची पीसी केस हाताने बनवतोय, जळगाव-धुळ्याकडे शीट बेंडिंग कोण करून देईल?

राम राम मंडळी, मिनी आयटीएक्स या छोट्या मदरबोर्डासाठी (170 बाय 170 मिमी) स्वतः केस बनवायला घेतली आहे, पुठ्ठ्याचं मॉडेल करून मापं पक्की झालीत, आता पत्र्यावर अडलंय. मला 2 मिमीची 5052 ग्रेडची अल्युमिनियम शीट पाहिजे, कारण 6061 टी6 हा कडक ग्रेड टाईट बेंड मारला की कोपऱ्यावर तडकते. पण आपल्याकडे खिडक्यांच्या दुकानात सेक्शन मिळतात, शीट मागितली की ग्रेड कोणाला सांगता येत नाही. जळगाव एमआयडीसीत किंवा धुळ्यात एका नगासाठी प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) चार बेंड मारून देणारं कोणी आहे का? कटिंग मी जिगसॉ आणि कानशीने घरीच करेन, मला ते काम मनापासून आवडतं.

दुसरं म्हणजे 2 मिमी पत्र्यात एम3 (3 मिमी) स्क्रूचे आटे पाडले तर जेमतेम चारच आटे बसतात आणि अल्युमिनियम मऊ, दोन-चारदा उघडझाक केली की जातील असं वाटतं, म्हणून रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात दाबून पक्का बसवायचा नट) लावायचा विचार आहे, कोणी वापरलेत का?

आणि ॲनोडायझिंग (अल्युमिनियमवर ऑक्साईडचा थर चढवणं) केलं तर तो थर करंट जाऊ देत नाही, मग अर्थिंगसाठी पॅनेलच्या जोडावर आणि स्टँडऑफखाली (बोर्ड ज्यावर बसतो त्या छोट्या खांबांखाली) मास्किंग करायचं की नंतर घासून काढायचं? भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यामुळे वरती 120 मिमीचा फॅन ठेवतोच आहे, जाळी कोणती टाकू तेही सांगा भाऊ.