तांबडा आणि लाल: एकच का?

खानापूर
देवघराची भिंत रंगवायची होती. आईनं पेंटरला सांगितलं, "तांबडा द्या." पेंटर घरी कन्नड बोलणारा, मराठी समजणारा. "केंपु, आयतु," म्हणजे "लाल, ठीक आहे," असं म्हणून तो कामाला लागला. संध्याकाळी बघतो तर भिंत लालभडक. आई उंबऱ्यातच थांबली. "हा लाल केलासा की हो. मी तांबडा म्हणाले होते." हा फरक खरंच भाषेत आहे, की फक्त आईच्या मनात?

वडगाव, बेळगाव
दादा, भाषेतच आहे. तांबडा हा ताम्रावरून, म्हणजे तांब्यावरून आला. लाल फारसीतून आला, तिथं तो शब्द माणकाचा. म्हणून माती तांबडी, गाय तांबडी, पहाटे फुटतं ते तांबडं. तिथं लाल घालून बघा, कानाला खटकतं. आईंना मातीकडं झुकणारा रंग हवा होता. पेंटरचीही चूक नाही. कन्नडच्या 'केंपु'त दोन्ही मावतात.

निपाणी
इतकं सरळ नाही हो. माझी आजी कुंकवालाही तांबडं म्हणायची आणि मिरचीलाही. जुन्या माणसांच्या बोलण्यात लालाचं बरंचसं काम तांबडाच करायचा. भिंतीसाठी दोन्ही शब्द अपुरे आहेत, वस्तूचं नाव सांगावं. डाळिंबी म्हटलं की डोळ्यांपुढं दाणा येतो. शेंदरी म्हणजे मारुतीचा, नारिंगीकडं जाणारा. विटकरी, अबोली तर कुणालाही कळतात. हुरमुंजी हा शब्द आता मागं पडला, पण फार मोलाचा. इराणच्या होर्मुझ बेटावरच्या तांबड्या मातीचं नाव त्यात आहे. तुमच्या आईंना हवी होती ती काव, म्हणजे गेरूची तांबडी माती.

वडगाव, बेळगाव
काव बरोबर! पण एक सांभाळा. कन्नड पेंटरला 'कावी' म्हणालात तर तो स्वामींच्या वस्त्रांचा भगवा समजेल. शब्द तोच, रंग सरकलेला. त्यापेक्षा 'केम्मण्णु' म्हणा, म्हणजे तांबडी माती. कर्नाटकातल्या केम्मनगुंडी या थंड हवेच्या ठिकाणाच्या नावातही तीच माती आहे.

आणि रंग डब्याच्या झाकणावर ठरवू नका. भिंतीवर दोन हात पट्टा ओढा, वाळू द्या, मग सकाळच्या उजेडात एकदा आणि रात्री दिवा लावून एकदा बघा. पांढऱ्या थंड ट्यूबलाइटखाली तांबडा मळकट दिसतो, पिवळसर दिव्याखाली उठतो. लहान खोलीच्या चारही भिंतींना गडद देऊ नका, खोली अंगावर येते. एक भिंत पुरे. बाकीच्या मोतिया किंवा चुन्याच्या पांढऱ्या ठेवा.

खानापूर
आज दुकानात शब्दच नेला नाही. परसातलं फुटकं कौल पिशवीत घालून नेलं. पेंटरनं ते पाण्यात बुडवलं, ओला भाग आणि कोरडा भाग शेजारी धरला आणि विचारलं, "यातला कुठला?" हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ओलं कौल काळपट तांबडं, कोरडं फिकट. आईनं कोरड्यावर बोट ठेवलं. दुपारी पट्टा वाळला तेव्हा जवळ जाऊन तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "हां, हा तांबडा."

आता एकच विचारतो. काव चुन्यात कालवली की जो फिका, गुलाबीही नाही आणि विटकरीही नाही असा रंग होतो, त्याला आई 'फिकी काव' म्हणते. तुमच्याकडं त्याला वेगळा शब्द आहे का?