प्रोसेसर ओव्हरक्लॉक केल्याने गेमिंगमध्ये खरोखर फरक पडतो का?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार. माझ्याकडे रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा आहे. प्रामुख्याने काउंटर-स्ट्राइक २ आणि काही मोठे ओपन-वर्ल्ड गेम खेळतो. मोठा कूलर बसवून प्रोसेसर ओव्हरक्लॉक करावा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवून ४.४ वरून ४.७ गिगाहर्ट्झवर न्यावा, असा सल्ला मला एका परिचितांनी दिला आहे. माझी खोली वरच्या मजल्यावर असून एसी नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब किती तापतो हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. कूलरवर पैसे घालावेत, की ते पुढील ग्राफिक्स कार्डासाठी राखून ठेवावेत? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अक्कलकोट_रोड

प्रथम हिशेब पाहू. ४.४ वरून ४.७ म्हणजे सुमारे सात टक्के वाढ. गेम पूर्णपणे प्रोसेसरच्या गतीवरच अडलेला असला, तरी सेकंदाला १०० फ्रेमच्या जागी फार तर १०७ फ्रेम मिळतील. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण रॅमकडून माहिती येईपर्यंत प्रोसेसरला थांबावे लागते आणि तो वेळ क्लॉक वाढवून कमी होत नाही. ग्राफिक्स कार्ड आधीच पूर्ण क्षमतेने राबत असेल, तर हे सात टक्केही पडद्यावर दिसणार नाहीत.

ओव्हरक्लॉकिंगची ख्याती ज्या काळातली आहे, तो काळ वेगळा होता. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, बसचा (प्रोसेसरला मदरबोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की अनेकांकडे ४५० वर सुखेनैव चालत असे. म्हणजे दीडपट वेग, तोही जवळपास फुकट. आज ती शिल्लक क्षमता कंपनीच बूस्टच्या, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या वेगाच्या रूपाने वापरून टाकते. आपल्या ५६००चा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ आहे आणि तापमान व वीज यांची मुभा असेल तोवर तो स्वतःहून ४.४ पर्यंत चढतो. त्यापुढच्या प्रत्येक पायरीसाठी व्होल्टेज वाढवावे लागते, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी आणि वेग सात टक्क्यांनी वाढवला, तर खप सुमारे तीस टक्क्यांनी वाढतो. सात टक्क्यांसाठी तीस टक्के, हा व्यवहार मला पटत नाही.

आधी एक तपासणी करावी: गेम चालू असताना एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहावा. तो सातत्याने ९७-९९ टक्के असेल, तर प्रोसेसरला हात लावण्याचे कारण नाही.

पूर्व_भाग

वरील मताशी सहमत आहे. मात्र सोलापुरात उष्णतेचा मुद्दा अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. हिवाळ्यात २२ अंशांच्या खोलीत स्थिर वाटलेले सेटिंग मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत तसेच चालेल असे धरून चालू नये, कारण खोलीचे तापमान जितके वाढते, जवळपास तितकेच प्रोसेसरचेही वाढते.

आमच्या भागात यंत्रमागांमुळे सुताची तूस हवेत सतत असते. कूलरचा पंखा सोडवून पाहिला, तर बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर, पंख्याच्या अगदी खाली, नमद्यासारखा करडा थर जमलेला आढळतो, आणि तो नुसत्या ब्रशने निघत नाही, चिमट्याने उचलावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. कूलर काढण्याची वेळ आली, तर आधी थोडा वेळ संगणक चालवून कूलर व प्रोसेसरमधील उष्णतावाहक पेस्ट मऊ होऊ द्यावी आणि बंद केल्यावर कूलर हलकेच फिरवून सोडवावा. आपल्या प्रोसेसरच्या एएम४ सॉकेटमध्ये सरळ ओढल्यास प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात.

होटगी_रोड

प्रोसेसरचा गेमिंगशी फारसा संबंध नाही, असा अर्थ कोणी काढू नये. काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये १४४ फ्रेम टिकवायच्या, तर प्रत्येक फ्रेमला सात मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळतो, आणि तिथे प्रोसेसरच आधी दमतो. तरीही उपाय क्लॉक वाढवण्यात नाही. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डीचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे ४.७ वाल्या ५८००एक्सपेक्षा कमी आहे; पण ३२ ऐवजी ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान स्मृती) असल्यामुळे बहुतेक गेममध्ये तोच पुढे राहतो. गेम स्मृतीसाठी किती खोळंबतात, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग किती दिसतो आणि मदरबोर्डाला चार खाचा असल्यास रॅमच्या पट्ट्या कोणत्या खाचांत आहेत, हे कृपया कळवावे.

जुळे_सोलापूरकर

सर्वांचे आभार. मोठ्या गेममध्ये कार्डाचा वापर ९८ टक्के दिसला. काउंटर-स्ट्राइकमध्ये मात्र तो ७० टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. रॅमच्या पाकिटावर ३२०० लिहिलेले असून टास्क मॅनेजरमध्ये २४०० दिसते. चार खाचांपैकी पहिल्या दोन लगतच्या खाचांत दोन्ही पट्ट्या आहेत.

होटगी_रोड

म्हणजे रॅम सिंगल चॅनलवर (दोनऐवजी एकाच मार्गाने) आणि कमी वेगाने चालली आहे. पट्ट्या दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्यात, मदरबोर्डाच्या पुस्तिकेतील आकृती एकदा पाहून घ्यावी, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारे सेटिंग, सुरू करावे. काही बोर्डांवर त्याचे नाव डीओसीपी असते. यासाठी एक रुपयाही लागत नाही, आणि काउंटर-स्ट्राइकमधील अडखळणे यानेच सर्वाधिक कमी होईल.

अक्कलकोट_रोड

त्यानंतरही हौस म्हणून काही करावेसे वाटले, तर बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर हे व्होल्टेज बदलणारे सेटिंग असल्यास सर्व कोअरना उणे १० देऊन पाहावे. यात व्होल्टेज कमी होते, तापमान उतरते आणि प्रोसेसर आपला बूस्ट अधिक वेळ टिकवतो, जे आपल्या हवामानाला अधिक मानवते. अशा सेटिंगमधील त्रुटी अनेकदा संगणक रिकामा बसलेला असताना उघड होते, त्यामुळे केवळ सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी उत्तीर्ण झाले म्हणून समाधान मानू नये, आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी. ओव्हरक्लॉकिंगप्रमाणे हाही प्रकार वॉरंटीच्या अटींबाहेरचा आहे, हे लक्षात असू द्यावे. कूलरचे पैसे ग्राफिक्स कार्डासाठीच राखून ठेवावेत. आपले मोठे गेम तिथेच अडले आहेत.