शब्दचर्चा : दंगल, हत्याकांड, जळीतकांड

लाखांदूरहून विचारणा :
शनिवारी सकाळच्या शाळेत नववीच्या पोट्ट्यांना एक किशोर कादंबरी मराठीत सांगते आहे. गोष्ट अमेरिकेतल्या टल्सा शहराची, 1921 ची. गोऱ्यांच्या जमावाने काळ्यांची ग्रीनवुड वस्ती जाळली, ती. पुस्तकातली गोरी माणसं त्याला 'रायट' म्हणतात, म्हणून मी 'दंगल' म्हटलं. मागच्या बाकावरून लगेच आवाज, "मॅडम, दंगल त कुस्तीची रायते ना जी?" मंडईच्या दिवसांत 'कुस्त्यांची आम दंगल' असे फलक पाहिलेली पोरं ती. पण दुसरी मुलगी म्हणाली, "दंगलीत दोघंबी मारतेत. हितं त एकच बाजू मारून रायली." आता सांगा, कोणता शब्द घेऊ? हत्याकांड, संहार, कत्तल?

साकोलीहून :
मुलीला शाबासकी द्या. मराठीत दंगल 'उसळते', 'पेटते', 'आटोक्यात येते'. वाक्यात कर्ता लागतच नाही, जणू दंगल म्हणजे पाऊस. हत्याकांड म्हटलं की ऐकणारा विचारतो, कोणी केलं?

टल्सात तर या एका शब्दावर पैसा अडला. 31 मे आणि 1 जून 1921 या दोन दिवसांत सुमारे 35 चौकांची वस्ती खाक झाली. सुरुवात झाली ती बूटपॉलिश करणाऱ्या एका काळ्या पोरावर लिफ्टमधल्या गोऱ्या मुलीची छेड काढल्याचा आळ आला तिथून; तो खटला पुढे टिकलाच नाही. सरकारी आकडा 36 मृतांचा, अंदाज 300 पर्यंत जातात. लोक विमा कंपन्यांकडे गेले, तर पॉलिसीत कलम : दंगलीत झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. थिएटर आणि हॉटेल गमावलेला एक मालक कोर्टात गेला. आग लावणाऱ्यांत पोलिसांचे बिल्ले लावलेली माणसं होती, असं त्याचं म्हणणं. 1926 मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, ही दंगलच. दावा गेला. शताब्दीसाठी नेमलेल्या समितीने आपल्या नावातला 'रायट' काढून 'मॅसॅकर' घातला तो थेट 2018 मध्ये.

वणीहून :
संहार नका घेऊ ताई. संहार होतो तो राक्षसांचा, महिषासुराचा. मरणाराच दोषी असा वास त्या शब्दाला आहे. 'नरसंहार' हिंदी बातम्यांतून आलाय, पोरांच्या तोंडी बसायचा नाही. कत्तल चालेल, पण जळालेली घरं त्यात येत नाहीत. जळीतकांड घेतलं तर घरं येतात, माणसं सुटतात. मी हत्याकांडच घेईन. जालियनवाला बागेमुळे शाळेत तो ओळखीचा आहे.

तुमसरहून :
आमच्या जिल्ह्यात हत्याकांड म्हटलं की जालियनवाला नंतर आठवतं, आधी खैरलांजी. 29 सप्टेंबर 2006, मोहाडी तालुका, एका दलित घरातली चार माणसं. तेव्हाही शब्दांचीच ओढाताण होती. कोणी 'प्रकरण' म्हणे, कोणी 'गावातलं भांडण'. भंडाऱ्याच्या न्यायालयाने 2008 मध्ये आठ जणांना दोषी धरलं, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली नाही. 2010 मध्ये नागपूर खंडपीठातही तो कायदा लागला नाही.

आणि 'ॲट्रॉसिटी' शब्दाचं गावात काय झालं ते पाहा. मूळ अर्थ अत्याचार. पारावर बसून ऐका : "त्यानं माह्यावर ॲट्रॉसिटी लावली." म्हणजे ॲट्रॉसिटी करणारा कोण? ज्याने तक्रार दिली तो! मारहाण, शिवीगाळ, विहिरीवरची अडवणूक, सगळं वाक्याबाहेर. उरली फक्त केस. टल्साचं तुमच्या वर्गाला समजवायला मला यापेक्षा जवळचं उदाहरण दिसत नाही. शाळेच्या संचालकांना ते रुचेल की नाही, हा भाग वेगळा.

वणीहून :
संचालकांचं जाऊ द्या. पण 'वर्णद्वेष' कसा समजावता? आपल्याकडे वर्ण म्हटलं की चातुर्वर्ण्य. पोरं गोंधळतील.

साकोलीहून :
गोंधळू द्या, त्यात फायदाच आहे. जोतिरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना अर्पण केली, ती हा धागा दिसला म्हणूनच. मूळ प्रश्नाकडे येतो. सगळीकडे एकच शब्द लावू नका. निवेदनात हत्याकांड. गोऱ्या दुकानदाराच्या तोंडी, वर्तमानपत्रात आणि विमा कंपनीच्या पत्रात मात्र दंगलच ठेवा. 1921 मध्ये ती माणसं तेच बोलत होती. पोरांना दोन्ही शब्द शेजारी दिसले पाहिजेत.

लाखांदूरहून :
हे पटलं. फळ्यावर दोन रकाने करते, कोण काय म्हणतं त्याचे. पुढच्या प्रकरणात 'लिंचिंग' येतं. पेपरवाले 'झुंडबळी' लिहितात. त्यात झुंड तरी दिसते, पण बळी म्हटलं की पुन्हा देवाला दिल्यासारखं वाटतं. दुसरं काही सुचतं का कोणाला?