मदत हवी आहे: कर्क्युमिन आणि एमटीटी – ४० मायक्रोमोलरला रीडिंग उलटं चढतंय

एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. प्रोस्टेट कॅन्सरच्या पीसी-३ आणि एलएनकॅप पेशींवर कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) एमटीटीने, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीने, तपासायचंय. ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, दर वेलला ५,००० पेशी. डीएमएसओ या द्रावकातल्या १० मिलिमोलर स्टॉकमधून (दाट द्रावणातून) ५, १०, २० आणि ४० मायक्रोमोलर डोस, सीरम (रक्तद्रव) नसलेल्या मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रावणात) ४८ तास. पीसी-३चं रीडिंग २० पर्यंत उतरतं, ४० ला पुन्हा चढतं. एलएनकॅपच्या कंट्रोलमधल्या (कर्क्युमिन न दिलेल्या) तीन वेलसुद्धा एकमेकींशी जुळत नाहीत. काय बदलू?

प्रतिसाद १
पहिल्यांदा सीरम. ३७ अंशांना, पीएच ७.२ला सीरमशिवाय कर्क्युमिनचा बहुतेक भाग अर्ध्या तासात तुटतो, म्हणजे उरलेले ४७ तास पेशींवर त्याचे तुकडेच असतात. १० टक्के सीरम ठेवा. तरी ८ तासांत साधारण निम्मं जातं, म्हणून २४ तासांनी ताजा डोस द्या.

दुसरं डीएमएसओ. तुमच्या ५ च्या वेलमध्ये ते ०.०५ टक्के आहे आणि ४० च्या वेलमध्ये ०.४. स्टॉक २० मिलिमोलर करा (१ मिलिलिटरला ७.३७ मिलिग्रॅम), पातळ करायचं ते डीएमएसओमध्येच, आणि कंट्रोलसकट सगळीकडे ०.२ टक्के ठेवा.

४० ला रीडिंग चढतं त्यामागे बहुधा कर्क्युमिनच आहे. त्याचा पिवळा रंग मिसळतो, शिवाय असे पॉलिफेनॉल पेशी नसतानाही एमटीटीचं फॉर्माझान (चाचणीत मोजलं जाणारं जांभळं रंगद्रव्य) करू शकतात. मायक्रोस्कोपखाली पिवळे कण दिसले तर ते विरघळलेलंच नाही. पेशींविना मीडियम, कर्क्युमिन आणि एमटीटी अशा वेल प्रत्येक डोसला लावा आणि तेवढं रीडिंग वजा करा. पीसी-३ला एमटीटीआधी एकदा पीबीएसने (मिठाच्या बफर द्रावणाने) धुवा.

प्रश्नकर्ता
धुताना एलएनकॅप निघून जातात, तिथे काय करू?

प्रतिसाद २
त्या मुळातच सैल चिकटतात, वाढतातही सावकाश. पेशी धरून ठेवणारं पॉली-डी-लायसिन लावलेली प्लेट घ्या, दर वेलला ८ ते १० हजार पेशी टाका, ४८ तास बसू द्या. मीडियम काढण्याआधी प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जीला (गुरुत्वाच्या २०० पटीला) ५ मिनिटं फिरवा आणि पिपेटचं टोक भिंतीला टेकवून काढा, तळाला नाही.

ॲपॉप्टोसिस (पेशींचं स्वतःहून मरणं) बघणार असाल तर ॲनेक्सिन-एफआयटीसी (अशा पेशींवर लागणारी, हिरवी चमकणारी खूण) घेऊ नका. कर्क्युमिन स्वतःच हिरवं चमकतं, सगळ्याच पेशी पॉझिटिव्ह दिसतील. लाल चमकणारं एपीसी लेबल घ्या.

पॉझिटिव्ह कंट्रोल (तुलनेसाठी हमखास परिणाम करणारं औषध) म्हणून डोसिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध लावा, १ ते १० नॅनोमोलर. तेही वनस्पतीतूनच आलंय, यू झाडाच्या पानांतल्या रेणूपासून. आणि २००४ मध्ये रुग्णांचं आयुष्य वाढल्याचं चाचणीत सिद्ध झालंय. कर्क्युमिनचं मात्र रोज ८ ग्रॅम तोंडाने घेऊनही रक्तात २ मायक्रोमोलरच्या आतबाहेर मिळालं होतं. तुमचा आयसी-५० (निम्मा परिणाम करणारा डोस) वीसच्या आसपास आला, तर चर्चेत हा आकडा त्याच्या शेजारी लिहाच.

प्रतिसाद १
बाटलीवरची शुद्धताही नोंदवा. बाजारातल्या 'कर्क्युमिन'मध्ये डीमेथॉक्सी आणि बिसडीमेथॉक्सी ही त्याची भावंडं मिळून बरेचदा पाचवा हिस्सा असतो.